वास्कोतली जपानी बाग

गोव्याला जाऊन वास्कोत मुक्काम केला असं सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, "का, विमान चुकलं?" दाबोळीला उतरायचं आणि गाडीत बसून कळंगुट नाहीतर पाळोळे गाठायचं, असाच बहुतेकांचा शिरस्ता. वास्को म्हणजे बंदर, टँकर, ट्रक, नौदलाची वसाहत आणि मासळीबाजार. तिथे कोण राहतं? आमच्या आईची धाकटी बहीण राहते. तिचे यजमान बंदरात नोकरीला होते, आता निवृत्त आहेत. मूळचे वेंगुर्ल्याचे, पण सगळा संसार वास्कोत झाला. "चवथ झाल्यावर या, नेवऱ्या संपायच्या आत," असं मावशीचं फर्मान आलं (चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, नेवऱ्या म्हणजे करंज्या) आणि आई, मी आणि आठवीतली लेक अशा तिघी निघालो.

मला आणखी एक आमिष होतं. आमचं घर पुण्यात सिंहगड रस्त्यावर. जवळच पु. ल. देशपांडे उद्यान आहे, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. वास्कोतही 'जॅपनीज गार्डन' आहे हे मावशीकडून वर्षानुवर्षं ऐकत होते, बघायचं मात्र राहून गेलं होतं.

शुक्रवार

पुण्याहून गोवा एक्स्प्रेस थेट वास्कोला जाते आणि तिथेच संपते, त्यामुळे झोप लागली तरी पुढे जायची भीती नाही. दूधसागर रात्री अंधारात गेला, नुसता आवाज ऐकू आला. पहाटे उतरलो तेव्हा बारीक पाऊस होता आणि काका छत्री घेऊन फलाटावर हजर.

घरी पोचेपर्यंत पदेर, म्हणजे पाववाला, आला होता. सायकलचा भोंगा वाजला, मावशी पिशवी घेऊन खाली गेली आणि गरम पोई, उंडे घेऊन आली. कोंड्याची पोई आणि पातळ भाजी. लेकीला पुण्याच्या पावभाजीची सवय, तिनं आधी "यात बटर कुठंय?" विचारलं आणि मग काही न विचारता तीन पोया संपवल्या. वर डब्यातल्या नेवऱ्या होत्याच.

मावशीच्या घरातली एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. चहा ठेवायच्या आधी ती एक ओलं फडकं घेऊन खिडकीचं ग्रिल पुसते. एकेक गज वरून खाली. फडकं पिळलं की पाणी काळं. बंदरावर कोळसा उतरतो, त्याची पूड. "रोज?" मी विचारलं. "पावसाळ्यात एक दिवसाआड," मावशी म्हणाली. समोरच्या गॅलरीतली बाईही तेच करत होती, आणि दोघी फडकी हातात घेऊनच बोलत उभ्या राहिल्या.

दुपारी पावसानं झोडपलं. संध्याकाळी उघडीप मिळाल्यावर स्वातंत्र्य पथावरच्या दामोदराच्या देवळात गेलो. वास्कोचा सप्ताह इथलाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगची साथ आली, तेव्हा गावकऱ्यांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तिथून नारळ आणून पुजला आणि अखंड भजन केलं, तेव्हापासून श्रावणात हे चालत आलंय. नाव सप्ताह, पण भजन चोवीस तासांचं. आम्ही गेलो तेव्हा सप्ताह कधीच आटोपला होता. देवळात चारदोन माणसं आणि बाहेर रस्त्यावर हॉर्नचा नुसता कल्लोळ. काका म्हणाले, "सप्ताहाला इथं पाय ठेवायला जागा नसते. शांतता पाहिजे तर उद्या सड्यावर जाऊ."

शनिवार

वास्कोच्या टोकाला, बंदराच्या डोक्यावर जे पठार आहे ते हेडलँड सडा. बसस्टँडवरून मिनीबस सुटतात. कंडक्टर दारात लटकून "सडा सडा सडा" ओरडतो आणि आत आलेल्यांना "फाटीं वचात, फाटीं" म्हणत मागे रेटतो. आईला बसायला जागा मिळाली ती एका मासेवालीच्या शेजारी, टोपली पायाशी. मुरगावपर्यंत जाईतो त्या दोघींनी बांगड्याच्या भावापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं उरकलं. एकीचं मराठी, दुसरीची कोंकणी, आणि कुणाचं काही अडलं नाही.

एकट्यानं किंवा दोघांनी जात असाल तर 'पायलट' घ्या, म्हणजे पिवळ्याकाळ्या रंगाची भाड्याची मोटरसायकल. वाहतूक तुंबलेली असली तरी ती वाट काढते. भाडं मात्र बसायच्या आधी ठरवा. आणि परतायचं कसं हेही आधीच ठरवून ठेवा. वर संध्याकाळनंतर वाहन लवकर मिळत नाही.

बागेत शिरल्यावर पहिला प्रश्न लेकीनंच विचारला. "यात जपानी काय आहे?" पुण्यातल्या बागेत शिरताच पाणी दिसतं, दगड नेमून ठेवलेले असतात, वाट वळणं घेत जाते आणि प्रत्येक वळणावर वेगळं दृश्य उघडतं. इथे तसला काटेकोरपणा नाही. झाडं, हिरवळ, बसायला बाकं, आणि पुढे जमीन संपते. खाली अरबी समुद्र. पावसाळ्यानं गवत वाढवून ठेवलं होतं, पायवाटेच्या कडा त्यात बुडाल्या होत्या. ओकायामाचा माळी आणून उभा केला तर तो आधी कात्री मागेल.

तरी मी तिथे बसले आणि तासाभरात माझं मत बदललं. जपानी बागांमध्ये एक युक्ती वापरतात. बागेच्या हद्दीबाहेरचा डोंगर किंवा देऊळ झाडांच्या चौकटीत असं धरायचं की ते बागेचंच वाटावं. कोराकुएन बाग सतराव्या शतकाच्या शेवटी तिथला सरदार इकेदा त्सुनामासा यानं करवून घेतली. १६८७ मध्ये काम सुरू झालं आणि १७०० मध्ये पुरं झालं. त्या बागेत उभं राहिलं की पलीकडचा मिसाओ डोंगर आणि ओकायामाचा किल्ला बागेतच असल्यासारखे दिसतात. आत भाताचं खाचर आहे, चहाचा मळासुद्धा आहे. पुण्यात ही युक्ती साधायला जागाच नाही, मान वर केली की इमारती. सड्यावरच्या बागेनं मात्र अख्खा समुद्र उसना घेतलाय. बाकावर बसलं की पुढे झाडांच्या दोन बुंध्यांमध्ये पाणी, त्यावर बंदरात जागा मिळायची वाट बघत नांगरून पडलेली मालवाहू जहाजं, आणि मागच्या शहराचा आवाज इतका खाली बसलेला की एखादी टग भोंगा वाजवते तेवढंच कळतं. दगड नीट लावलेले नसतील, पण बाग कुठे बांधायची हे ज्यानं ठरवलं त्याची नजर पक्की होती.

पाऊस आला आणि गेला. समुद्रावरून तो येताना दिसतो. आधी लांबचं जहाज पुसलं जातं, मग मधलं, मग जवळचं, आणि मग छत्री उघडायला जेमतेम वेळ मिळतो. आई बाकावर छत्री धरून बसून राहिली. काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून भाजलेले शेंगदाणे काढले आणि बंदराच्या गोष्टी सुरू केल्या.

जपानचा विषय निघाला तो तिथूनच. १९५० च्या दशकात गोव्याचं लोहखनिज मोठ्या प्रमाणावर परदेशी जायला लागलं, तेव्हा त्याचं मोठं गिऱ्हाईक जपान होतं. युद्धानंतर तिथले पोलाद कारखाने पुन्हा उभे राहत होते. डिचोली, सांगेकडची लाल माती बार्जमध्ये भरायची, मांडवी आणि जुवारीतून खाली आणायची आणि मुरगावात जहाजावर चढवायची. पुढे चीनचं गिऱ्हाईक आलं. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग चालू, मग २०१८ मध्ये पुन्हा बंद. काकांनी समोरच्या पाण्याकडे हात केला. "बार्जींची रांग लागायची. रात्री दिवे मोजत बसायचो आम्ही." आता खनिजापेक्षा कोळसा जास्त दिसतो, आणि तो बाहेर जात नाही, आत येतो.

त्याहून जुनी एक गोष्ट मी वाचलेली होती, ती तिथे बसून सांगायला मजा आली. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. जर्मनांची तीन व्यापारी जहाजं आणि इटलीचं एक, मुरगावच्या आसऱ्याला येऊन अडकली होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या हौशी घोडदळातल्या पोक्त ब्रिटिशांनी एका जुनाट बार्जमधून येऊन 'एरेनफेल्स' या जहाजावर हल्ला चढवला. जर्मनांनी आपली जहाजं आपणच बुडवली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच बंदरात, जपान आणि अमेरिका यांच्यात माणसांची अदलाबदल झाली. 'तेइआ मारू' हे जहाज जपानच्या ताब्यातल्या अमेरिकी आणि इतर नागरिकांना घेऊन आलं, स्वीडनचं 'ग्रिप्सहोम' अमेरिकेतल्या जपान्यांना घेऊन आलं. हजारावर माणसं या जहाजावरून त्या जहाजावर गेली आणि दोन्ही जहाजं आपापल्या वाटेनं परतली. जगभर एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन देश इथे, या टेकडीच्या पायथ्याशी, याद्या तपासत उभे होते. काका इतकी वर्षं बंदरात होते, पण हे त्यांना नवीन होतं. त्यांनी दोनदा विचारलं, "आमच्या मुरगावात?"

एवढ्यात बागेच्या कडेला कुणीतरी जोरात ओरडलं. "परत जा आणि तुमच्या विजरईला सांगा!" आई दचकली. बघतो तर विशीबाविशीतली दोन मुलं समुद्राकडे तोंड करून उभी, एकाच्या हातात वही. पेडण्याकडची, नोकरीसाठी वास्कोत राहणारी. गावच्या जत्रेत नाटक बसवतायत आणि भाड्याच्या खोलीत ओरडलं की घरमालक दार वाजवतो, म्हणून सुटीच्या दिवशी तालीम इथे. एक संभाजीराजे, दुसरा पोर्तुगीज विजरईचा, म्हणजे व्हाइसरॉयचा, वकील. वाऱ्यात आवाज टिकला तर मांडवात माइकशिवाय पोचेल, असा त्यांचा हिशेब.

गोव्यातल्या गावागावांत जत्रेला मराठी नाटक होतं हे ऐकून होते, पण तालीम पहिल्यांदा बघितली. संवाद शुद्ध, ठसठशीत मराठीत. मध्ये अडखळले की दोघं कोंकणीत भांडायचे. "आंगावर येवं नाका रे, फाटीं सर!" लगेच पुन्हा छाती काढून "आम्ही मराठे आहोत!" काकांनी एका ठिकाणी थांबवून सांगितलं, "ही ओळ हळू घ्या. राजा ओरडत नाही." त्या मुलानं ओळ हळू घेतली आणि खरोखर जास्त धाक बसला. आईनं टाळी दिली आणि उरलेले शेंगदाणे त्यांना देऊन टाकले.

नाटकाला ती जागाही शोभणारी. १६८३ मध्ये संभाजीराजांच्या फौजेनं जुन्या गोव्याजवळचं जुवें बेट घेतलं, तेव्हा पोर्तुगीज इतके हादरले की राजधानी मुरगावला हलवायचा घाट त्यांनी घातला. कामं सुरूही झाली होती. पुढे बेत बारगळला. मुरगावच्या किल्ल्याचं बांधकाम त्याआधीचं, १६२४ पासूनचं, आणि आता सड्यावर त्याचे थोडेच अवशेष उरलेत. हे मी त्या मुलांना सांगितलं तर वकील म्हणाला, "म्हणजे आम्ही बरोबर जागी ओरडतोय."

बागेतून खाली किनाऱ्यावर पायऱ्या उतरतात. मी आणि लेक थोड्या उतरलो. जांभ्याच्या दगडावर शेवाळाचा हिरवा थर, त्याच्या मधोमध कुणाच्या तरी चपलेनं घसरताना ओढलेली लाल रेघ. ती रेघ बघूनच परत फिरलो. पावसाळ्यात उतरू नका. डिसेंबर ते मार्च कोरड्यात जा, रबरी तळव्याच्या चपला घाला. जवळच 'ग्रँडमदर्स होल' नावाचा आणखी एक किनारा आहे, जुन्या किल्ल्याच्या भिंतीतल्या भोकातून उतरायचा, तोही कोरड्या दिवसांतलाच.

बाकीच्या सूचना इथेच सांगते. पाणी आणि खाऊ वास्कोतूनच घेऊन जा. उन्हाळ्यात चारनंतर जा. डासांचं मलम पिशवीत असू द्या, पाऊस थांबल्या थांबल्या ते तुटून पडतात. आणि ज्यांचं परतीचं विमान दाबोळीहून आहे आणि हॉटेल सकाळीच सोडावं लागलंय, त्यांच्यासाठी ही बाग म्हणजे उत्तम सोय आहे. फक्त तिकीट नीट बघा, विमान दाबोळीचं आहे की मोपाचं. मोपा राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

रात्री मावशीनं बांगड्याचं हुमण, तिसऱ्यांचं सुकं आणि किसमूर केलं होतं. त्या जेवणाबद्दल लिहायला बसले तर बाग बाजूला राहील.

रविवार

लेकीचा दिवस. बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं, म्हणून रविवार गाठला. अंगणात खरी विमानं उभी आहेत. १९७१ च्या युद्धात 'विक्रांत'वरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे या जातीची, सी हॅरियर, आणि एक भलंमोठं चार पंख्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन. पाऊस असला तर अंगणातलं आधी उरका, आतली दालनं नंतर. आम्ही नेमकं उलटं करणार होतो, पण दारावरच्या जवानानं आभाळाकडे बघून सांगितलं, "पहले बाहर." वीस मिनिटांत धो धो.

बोगमाळोचा किनारा भरतीनं अर्धा खाल्ला होता. चहा घेतला, परत आलो. संध्याकाळी लेक आपणहून म्हणाली, पुन्हा बागेत जाऊ. मुलं दिसतात का बघायला, हे उघड होतं. मुलं नव्हती. एक आजोबा रेडिओ कानाशी धरून फेऱ्या मारत होते आणि दोन कुटुंबं वाढदिवसाचा केक वाऱ्यापासून वाचवत कापत होती. मेणबत्ती काही पेटेना. शेवटी आजोबांनीच छत्री आडवी धरली, आणि केकचा पहिला तुकडा त्यांना मिळाला.

सोमवार

गाडी दुपारची. सकाळी काकांनी रिक्षा करून सांकवाळला नेलं. तिथे १६०६ मधल्या आरोग्यमातेच्या चर्चची फक्त दर्शनी भिंत उभी आहे. बाकीचं चर्च १८३४ मध्ये जळालं. मागे काही नाही, रान आणि आभाळ. दहा मिनिटांत बघून होतं, पण वाट वाकडी करण्यासारखं आहे.

येताना मासळीबाजारात सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, घेतली. विक्रेतीनं तीन पिशव्यांत बांधून दिली आणि वर म्हणाली, "वास येणार, पण कुणी काही बोलणार नाही. सगळ्यांकडे असतात." परतीच्या गाडीनं आम्ही उजेडात घाट चढणार होतो, त्यामुळे दूधसागरापाशी अख्खा डबा दारांत आणि खिडक्यांत. तुषार आतपर्यंत आले. गर्दी ओसरल्यावर समोरच्या बर्थवरच्या मिरजेच्या बाईंनी नाक वर करून विचारलं, "सुकट घेतलीत वाटतं?" आईनं मान हलवली आणि कॅसलरॉक येईपर्यंत त्यांना मावशीचं किसमूर शिकवलं. सुंगटं डोकी काढून मंद आचेवर कुरकुरीत भाजायची. ओलं खोबरं, बारीक कांदा, थोडी मिरची, चिंचेचा कोळ आणि मीठ हातानं चुरून ठेवायचं. सुंगटं त्यात पानं मांडल्यावरच कालवायची, आधी कालवली तर मऊ पडतात.